हेडमास्तरणीची नात

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या बाकांवर एक बातमी कुजबुजत फिरत होती: बाळांच्या टेबलावरची सिस्टर लसी चोरते आणि शहराच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन विकते.

पहिल्या तोंडी ही बातमी फारच किरकोळ होती. सिस्टर भर उन्हात शाल पांघरून, काळा चष्मा लावून, काखेत काहीतरी दडवून चाललेली दिसली, इतकंच. दुसऱ्या तोंडी त्या 'काहीतरी'चा बर्फाचा डबा झाला. तिसऱ्या तोंडी डब्याला झाकण आलं, झाकणाला कुलूप आलं, आणि पलीकडच्या टोकाला एक जाडजूड माणूस मोटारीत बसून वाट बघू लागला. चौथ्या तोंडाने त्याला मिशा दिल्या. बातमी बाळसं धरते ती अशी. तिला काट्यावर ठेवून बघायची गरज कुणालाच वाटत नाही.

आता ही सिस्टर कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर सगळं लक्ष त्या मिशीवाल्याकडेच जाईल.

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत, बुधवार हा बाळांचा वार. खोलीत एक वजनकाटा, एक मापाची पट्टी, भिंतीवर एका हत्तीचं चित्र, ज्याची सोंड येणाऱ्या प्रत्येक पोराने खरवडून पांढरी केलेली, आणि टेबलामागे सिस्टर. नोकरी संपत आलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की जिन्यावरून दात काढून घ्यायला निघालेले पेशंटसुद्धा पाठ ताठ करत. आया तिला तोंडावर 'सिस्टर' म्हणत आणि वळल्या की 'हेडमास्तरीण'. नाव चपखल होतं. ज्यांना अजून दात आले नाहीत त्यांची परीक्षा घेणारी बाई दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

परीक्षा साधीच. वजन, उंची, डोक्याचा घेर. मग प्रश्नपत्रिका: मान धरतं का, लोकरीचा लाल गोळा इकडून तिकडे नेला की नजर मागे येते का, पालथं पडतं का, आधाराशिवाय बसतं का, मणी चिमटीत उचलतं का. बाळं या परीक्षेला बिनधास्त बसत. घाम फुटायचा तो आयांना. आणि घाम फुटला की माणूस थापा मारतो.

"काय काय करतो आता?" हेडमास्तरीण विचारायची.

"सगळं करतो, सिस्टर. बसतो, उभा राहतो, परवा तर दोन पावलं चालला."

"चौथ्या महिन्यात? अरे वा! मग आज चालत आला, की लाज वाटली म्हणून कडेवर घेतलंत?"

दुसरी म्हणायची, "आमची टाळ्या वाजवते."

"तिच्या हातांनी, की तुमच्या?"

बाकावर खसखस पिकायची आणि त्या आईचा चेहरा पडायचा. उशिरा येणाऱ्यांचे तर हाल कुत्रा खात नसे. बाळाला सर्दी होती, घरी पाहुणे होते, ह्यांना सुटी मिळाली नाही, काटा बिघडलाय असं कुणीतरी म्हणालं. ही सगळी कारणं हेडमास्तरणीला आयांआधी पाठ होती. "पाहुण्यांना बाळ दाखवता आणि मला नाही दाखवत होय? काय लपवताय?" असं म्हणून ती पट्टी टेबलावर आपटायची. "लपवून ठेवलं म्हणून मान धरत नाही मूल! उशीर होतोय असं वाटलं, की त्याच आठवड्यात इथे यायचं. समजलं?"

समजलं नाही असं म्हणायची कुणाची टाप होती?

शिकाऊ मुलींना ती कानाची तपासणी शिकवायची, तो तर एक बघण्यासारखा सोहळा असे. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं. एकीने समोरून त्याचं लक्ष धरून ठेवायचं. दुसरीने मागून यायचं आणि बाळाच्या नजरेबाहेर, कानाच्या रेषेत, हळूच खुळखुळा वाजवायचा. बाळ आवाजाकडे वळलं की पास. "पण सावली पडता कामा नये, हातातल्या बांगड्या चमकता कामा नयेत, आणि अत्तर लावून कुणी आलात तर घरी पाठवीन. मूल बेरकी असतं. कानाने नाही कळलं तर डोळ्याने कॉपी करतं." शिकाऊ मुली फिदीफिदी हसत, आणि पुढच्याच बाळामागे कुणीतरी बांगड्या घालून उभी राहिली की बोलणी खात.

अशी ही बाई आजी झाली.

तिच्या लेकाची नोकरी फिरतीची. घरात असायच्या त्या दोघीच, सासू आणि सून. सून शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनशेजारी टोपलीत बाळ. बाळाचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आजीने पहिल्या दिवशी तिला ठकी म्हटलं आणि ती ठकीच झाली. ठकीने मान वेळेत धरली. पालथी वेळेत पडली. सहाव्या महिन्यात टेकू सोडून बसली, तेव्हा हेडमास्तरणीने दवाखान्यात कुणी न विचारता सांगितलं. ज्या तोंडाने ती आयांची फिरकी घ्यायची, त्याच तोंडाने आता नातीचे पराक्रम गळत होते, आणि शिकाऊ मुली तिच्या पाठीमागे एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

ठकीची सगळ्यात मोठी कीर्ती म्हणजे तिची झोप. मशीन खडखडतंय, रस्त्यावर कुणी पत्रे उतरवतंय, शेजारचा कुत्रा बेंबीच्या देठापासून भुंकतोय, आणि ठकी आपली टोपलीत गाढ. "काय गुणाची पोर आहे!" हेडमास्तरीण म्हणायची. "कामाला आडवी येत नाही. शिवणाऱ्या आईची लेक शोभते."

मग एके दिवशी टीप घालता घालता सून थांबली.

"आई, एक बोलू का? हिला मागून हाक मारली ना, तर वळत नाही ही."

"खेळात गुंग असेल."

"आणि आधी गूंऽ गूंऽ करायची. आता बंदच झालंय. शेजारची तिच्याच वयाची, ती बघा, दिवसभर बाबाबा, दादादा चालू असतं."

"शेजारची पोर आईवर गेलीय. त्या घरात कुणाचं तोंड बंद असतं?" हेडमास्तरीण हसली, पण हसू नीट बसलं नाही. मग ती उठली. "थांब. खुळखुळा आण. आत्ता बघू."

परीक्षा आतल्या खोलीत पलंगावर झाली. सून ठकीला मांडीवर घेऊन बसली, तोंड कपाटाकडे. हेडमास्तरीण पाठीमागे गेली, हात लांब केला, खुळखुळा वाजवला. ठकीने गर्रकन मान वळवली आणि आजीकडे बघून बोळकं पसरलं. दुसऱ्या बाजूने वाजवला. तिकडेही वळली.

"पास!" हेडमास्तरीण म्हणाली. "तुझंच डोकं शिवणात असतं. हाक मनातल्या मनात मारत असशील."

पुढे ही परीक्षा घरचा खेळच झाली. दवाखान्यातून आली की आजी सुनेला पलंगावर मांडी ठोकून बसायला सांगायची, मागून खुळखुळा वाजवायची आणि "पास!" म्हणून चहाला बसायची. सासू रोजच्या रोज आनंदाने पास करत असताना कुठली सून नापास करा म्हणेल?

मग एका संध्याकाळी खुळखुळा वाजवता वाजवता हेडमास्तरणीच्या कपाळावर केस आले. ते मागे सारायला म्हणून तिने सहज समोर बघितलं. समोर कपाट, कपाटाला आरसा, आरशात ती स्वतः, हातात खुळखुळा, आणि खाली मांडीवरून ठकीचे दोन टपोरे डोळे त्याच आरशात, तिच्यावर खिळलेले.

ठकी आरशात हात दिसला की वळत होती. रोज. आणि समोरून लक्ष धरायला कुणी उभं नव्हतं, कारण घरच्या परीक्षेला दुसरी सिस्टर कुठून आणायची?

शिकाऊ मुलींना बांगड्यांवरून रडवणाऱ्या बाईने आपल्या नातीची तपासणी पुरुषभर उंचीच्या आरशासमोर केली होती. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीही नसती. दुसऱ्या कुणी घरी खुळखुळ्याची तपासणी केलीच नसती.

तिने खुळखुळा आणखी एकदा वाजवला. या वेळी हात कमरेखाली ठेवून, आरशात दिसणार नाही असा. ठकी जागची हलली नाही. ती स्वतःच्या पायाचं बोट पकडण्यात रमली होती.

"काय झालं, आई?" सुनेने विचारलं.

"काय व्हायचंय? पास," हेडमास्तरीण म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली. चहात साखर घालायची राहिली, तरी दोघी प्यायल्या.

या क्षणापासून हेडमास्तरणीचं सगळं शिक्षण, सगळी नोकरी, सगळा दरारा बाकावरच्या आयांमध्ये जाऊन बसला. काय करायचं ते तिला पक्कं माहीत होतं. ऐकायला येत नसेल तर कानाला यंत्र लागतं, आणि ते जितक्या लवकर लागेल तितकं बोलणं लवकर येतं, कारण मूल पहिल्या वर्षात ऐकतं त्यावरच पुढे बोलतं. एकेक आठवडा मोलाचा. हे तिने किती आयांना ओरडून सांगितलं होतं! आता सून म्हणाली, "आई, येत्या बुधवारी तुमच्याच टेबलावर नीट तपासून घेऊ का?" तर हिच्या तोंडून काय निघालं?

"नको, सर्दी आहे तिला."

पुढच्या बुधवारी पाहुणे येणार होते. ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी ती म्हणाली, "काटा बिघडलाय."

"कानाला काटा कशाला लागतो?" सुनेने विचारलं.

हेडमास्तरीण चप्पल घालून मीठ आणायला गेली. घरात मीठ भरपूर होतं.

मनात काय होतं, ते उघड आहे. त्या टेबलावर ठकीला ठेवायचं म्हणजे शिकाऊ मुलींसमोर, दर बुधवारी बाकावर हजर असणाऱ्या त्या जुळ्यांच्या आईसमोर, ज्यांना ज्यांना "काय लपवताय?" विचारलं त्या सगळ्यांसमोर ठेवायचं. बाकावर खसखस पिकेल. हेडमास्तरणीची नात नापास, आणि तीही इतकी उशिरा! ती जमिनीत जायला तयार होती, पण त्या बाकासमोरून जायला तयार नव्हती.

आणि रोज ठकी एका दिवसाने मोठी होत होती, टोपलीत गाढ झोपून, गुणाची.

शेवटी बाईने मधला मार्ग काढला. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक दवाखाना होता. तिथलं तिला कुणी ओळखत नव्हतं. रजेच्या एका दुपारी ती सुनेला म्हणाली, "पोरीला जरा फिरवून आणते." उन्हात? हो, उन्हात. अंगावर शाल घेतली, शालीखाली ठकी, डोळ्यांवर लेकाचा जुना काळा चष्मा. आरशात बघितलं असतं तर स्वतःलाच चोर वाटली असती, पण आरशाकडे ती आताशा बघत नव्हती. बसस्टॉपवर जुळ्यांची आई उभी होती. हेडमास्तरणीला चष्म्यातून ती दिसली नाही. जुळ्यांच्या आईला मात्र सगळं दिसलं, आणि जे दिसलं नाही ते तिने घरी जाईपर्यंत रचलं.

पलीकडच्या दवाखान्यात खोली नव्याने रंगवलेली, टेबलावर संगणक, आणि टेबलामागे एक तरणीताठी सिस्टर, केस उंच बांधलेले, च्युइंगगम चघळत असल्यासारखी हनुवटी.

"आजी, डोळे आलेत का?"

"नाही गं. ऊन लागतं."

"आता आत आलात ना. काढा तो चष्मा, बाळ घाबरेल. कितवा महिना?"

"नववा संपत आला."

"आणि आमच्याकडे पहिल्यांदाच? आजवर कुठे होतात?"

"घरी. पाहुणे होते," हेडमास्तरीण म्हणाली. तोंडातून निघालं तेव्हा तिलाच ऐकवेना.

तरुण सिस्टर हसली. "नऊ महिने मुक्कामाला? मोठं घर दिसतंय. बरं, काय काय करते सांगा. घाबरू नका, सोप्या भाषेत सांगा."

"मला मेलीला काय कळतंय यातलं," हेडमास्तरीण म्हणाली, आणि लगेच पुढे, सवयीने: "आधाराशिवाय बसते, पाठ सरळ. पोटावर सरकते. मणी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत उचलते, मुठीत नाही. एका हातातलं दुसऱ्या हातात घेते."

तरुण सिस्टरची हनुवटी थांबली. "काही कळत नाही म्हणालात ना?"

"शेजारीण बोलते असं."

मग कानाची पाळी आली. हेडमास्तरीण ठकीला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. समोर लक्ष धरायला हवी होती ती मदतनीस चहाला गेली होती. "चालतंय, एकटीच करते," असं म्हणत तरुण सिस्टर मागे गेली. मागे खिडकी, खिडकीत कलतं ऊन. आणि समोरच्या कोऱ्या करकरीत भिंतीवर, रंगवल्यासारखी स्वच्छ, एका बाईची सावली वर आली, तिने हात उचलला, हातात खुळखुळा.

ठकीने सावली बघितली. मग सावलीची बाई कुठे आहे ते बघायला गर्रकन मागे वळली आणि खुदकन हसली.

"पास!" तरुण सिस्टर म्हणाली आणि संगणकावर बोट आपटलं. "कान एकदम तीक्ष्ण! उगाच काळजी करता तुम्ही आज्या."

हेडमास्तरणीने सगळं बघितलं होतं. सावली बघितली होती, नातीचे डोळे बघितले होते. आणि तिने काय केलं? शाल सावरली, "बरं हो," म्हणाली आणि बाहेर आली. अंगावरून डोंगर उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. आता हे तिचं म्हणणं नव्हतं. एका अनोळखी सिस्टरचं होतं, संगणकातलं होतं. सुनेला सांगता येईल. पास म्हणजे पास.

बाहेरच्या बाकावर आया बसल्या होत्या. हेडमास्तरीण त्यांच्यात टेकली, ठकीची टोपी बांधू लागली. तेवढ्यात जिन्यावर झाडणाऱ्या बाईच्या हातून लोखंडी बादली सुटली आणि ठणाण ठणाण करत एकेक पायरी उतरत खाली आली. आया दचकून उभ्या राहिल्या. एक पोर किंचाळलं, दुसऱ्याने सूर धरला, आणि बघता बघता सगळ्या बाकाने भोकाड पसरलं.

ठकी शालीच्या बटणाकडे बघत होती. तिने ते चिमटीत धरलं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या, अगदी बरोबर.

शेजारची आई आपल्या पोराला थोपटत कौतुकाने म्हणाली, "किती गुणाची हो तुमची नात! अजिबात दचकली नाही."

हेडमास्तरणीने टोपीची नाडी सोडली. उठली, आणि रांग मोडून सरळ आत गेली.

"सावली पडत होती तुझी."

"कसली सावली?" तरुण सिस्टरने मान वर केली. "आजी, दुसरं बाळ आहे टेबलावर."

"भिंतीवर. हिने सावली बघितली, आवाज नाही ऐकला. त्या बाळाचं होऊ दे. मग पडदा ओढ, चहाला गेलीय तिला बोलावून समोर बसव, आणि पुन्हा वाजव."

"तुम्हाला तर यातलं काही कळत नव्हतं!"

"खोटं बोलले. आज्या बोलतात, आया बोलतात. तू नवीन आहेस, कळेल."

तरुण सिस्टरने तिच्याकडे नीट बघितलं. या आवाजाला पाठ आपोआप ताठ होते, ते तिथेही लागू पडलं. पडदा ओढला गेला. मदतनीस अर्धा कप टाकून आली आणि ठकीसमोर लाल चेंडू नाचवू लागली. मागे खुळखुळा वाजला. डावीकडे, उजवीकडे. मग ताटलीवर चमचा. मग तरुण सिस्टरने जोरात टाळी वाजवली, इतकी की मदतनीस दचकली.

ठकी चेंडूकडे बघत राहिली.

मग तरुण सिस्टर हेडमास्तरणीसमोर उकिडवी बसली. "आजी, मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. झोपेत डोक्याला तारा लावून बघतात, दुखत नाही काही."

"माहीत आहे."

"ते माहीत असणार. आणि... मी विचारणार होते, इतके दिवस काय केलंत."

"मग विचार की. मी रोज विचारते सगळ्यांना."

तिने विचारलं नाही. भली पोर होती. पुढे-मागे चांगली हेडमास्तरीण होईल.

घरी आल्यावर मशीन चालू होतं. हेडमास्तरणीने ठकीला टोपलीत ठेवलं आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. येताना बसमध्ये तिने एक लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं.

"पोरीला ऐकू येत नाही गं."

सुनेने दात लावून दोरा तोडला. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आरशावर गिऱ्हाइकाचा परकर टांगून मी मागून डबा वाजवला होता. महिना होऊन गेला." तिने दोरा पुन्हा सुईत ओवला. "येत्या सोमवारची मोठ्या इस्पितळात वेळ मिळालीय. तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं. तुम्ही रोज इतक्या खुशीत पास म्हणायच्या."

"महिना? अगं, मग बोलायचंस ना मला! लपवायचं कशाला?"

हेडमास्तरीण आपलं वाक्य ऐकून स्वतःच खुर्चीत बसली. मग आधी सून हसली की सासू, ते सांगणं कठीण, कारण दोघी हसता हसता रडत होत्या आणि टोपलीतून ठकी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, सगळं कळल्यासारखी.

सोमवारी तपासणी झाली. ठकीला यंत्रं लागली, दोन्ही कानांमागे घेवड्याच्या बीएवढी. पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिने आधी डोळे विस्फारले आणि मग आजीचा आवाज ऐकून भोकाड पसरलं. "पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही भीती वाटते तुमची," सून म्हणाली. तेव्हापासून गुणाच्या पोरीचे गुण गेले. मशीन सुरू केलं की रडते, पत्रा वाजला की रडते, शेजारचा कुत्रा भुंकला की त्याच्यावर ओरडते. शिवणाचं काम निम्म्यावर आलं आणि सासू-सुनेची भांडणं दुपटीने वाढली. घर एकदम ठीकठाक चाललं.

इकडे बाकांवर बर्फाचा डबा चांगलाच रुजला होता. डॉक्टरांनी गाजावाजा न करता लसी मोजून घेतल्या. एकही कमी नव्हती. त्याने कुणाचं समाधान झालं नाही. जुळ्यांची आई म्हणाली, "म्हणजे हिशोब किती पक्का ठेवला असेल बघा!"

मग एका बुधवारी हेडमास्तरीण टेबलामागे बसलीच नाही. आया बघतात तो काय, ती रांगेत उभी, जुळ्यांच्या आईच्या मागे, कडेवर ठकी, बाजूला सून. टेबलामागच्या शिकाऊ मुलीला नंबर आल्यावर काय करावं कळेना.

"सिस्टर, तुम्ही... इकडे या ना आत."

"बाळ माझं आहे, मी इकडेच. विचार."

"वजन..."

"काट्यावर ठेव, कळेल. पुढे."

"बसते?"

"बसते. उभीसुद्धा राहते, टेबल धरून. बघ हवं तर, थाप मारत नाही."

"ऐ... ऐकू येतं?"

हेडमास्तरणीने ठकीच्या डोक्यावरची टोपी काढली.

"नाही. यंत्र लावून येतं. यंत्र लावायला उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. लिही."

शिकाऊ मुलीने लिहिलं. खसखस पिकली नाही. आपला नंबर उरकून बाकावर टेकलेल्या जुळ्यांच्या आईने दोन्ही पोरांना मांडीवर एकदम ओढलं. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, मग त्या दिवशी शालीखाली..."

शालीखाली ठकी होती. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, आणि हे आपल्या टेबलावर सगळ्यांसमोर कळेल याची तिच्या आजीला लाज वाटत होती, म्हणून ती तिला तपासायला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली होती.